खिडकीकडचा तीळ

आमच्या बायकोचा एकही धड फोटो नव्हता. असं सांगितलं की लोकांना वाटतं, गरिबी असेल. गरिबी होतीच, पण फोटो नसण्याचं कारण ते नव्हे. फोटोवाल्यानं मान वर करा म्हटलं की ही पदर तोंडावर घ्यायची, आणि पदर काढायला लावला की नेमके डोळे मिटायची. पोराच्या लग्नाचा जाडजूड अल्बम घरात आहे. त्यात ती आहे, पण पंगतीत वाढप्याला झापताना, पाठमोरी. मांडवात आहे, कुणाच्या तरी फेट्यामागं. एका फोटोत नुसता हातच आहे आणि तो तिचा हे बांगड्यांवरून ओळखायचं. मतदानाच्या कार्डावर मात्र समोरून फोटो आहे. तो इतका काळा आलाय की ते कार्ड घेऊन मी मत टाकून आलो असतो तरी कुणी अडवलं नसतं.

ती एका पावसाळ्यात गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणताना झाकून आणली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं पोरगं म्हणाय लागलं, "आबा, हार घालायचा कशाला? फोटो पायजे की." फोटोच्या दुकानात कार्ड घेऊन गेलतो, तर दुकानदार म्हणाला, चेहरा जरा उजळतो आणि खाली शालू नेसलेल्या दुसऱ्या बाईचं अंग जोडून देतो. मी म्हटलं, आमच्या बायकोला उसनं आणलेलं कधी चाललं नाही. उठून आलो.

तेव्हा सून म्हणाली, "मी काढते की आत्तींना."

सून कोल्हापुरातच चित्रकला शिकलेली. मला ती मामा म्हणते, सासूला आत्ती म्हणायची. लहान पोरांच्या पुस्तकातली चित्रं ती घरी बसून काँप्युटरवर काढते. हे काम काय असतंय ते मला तोवर समजलं नव्हतं. मला वाटायचं, चित्र काँप्युटर काढतो आणि ही नुसती राखण करते. तिचं टेबल पुढच्या खोलीत, डाव्या हाताला खिडकी आणि उजव्या हाताला दार. खिडकी कुठं, दार कुठं हे ध्यानात ठेवा, पुढं त्यावरून भांडणं झाली.

मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. टेबलावर एक काळी पाटी, हातात पेन. पाटीवर पेन फिरवलं की पाटी कोरीच राहते आणि रेघ वर पडद्यावर उठते. सून खाली बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, "हे तुझ्या सासूसारखं झालं. हात भाकरीत, डोळं गल्लीत."

तिनं आधी एक गोल काढला आणि त्यात उभी-आडवी रेघ मारली.

"ही भाकरी आणि काय," मी म्हटलं.

"कच्चं हाय, मामा. आधी सगळी माणसं अशीच असत्यात. चेहरा गोल होता का लांब?"

"गोल. राग आला की लांब."

"मग लांबच धरते."

असं आमचं सुरू झालं. मी सांगायचो, ती काढायची. कपाळ रुंद. भुवया दाट, त्यातली एक कायम वर चढलेली, समोरचा खोटं बोलतोय अशी. डोळे लहान, पण त्यांच्यातून काही सुटत नव्हतं. नाक बसकं, आणि नाकाशेजारी गालावर तीळ. सून करड्या रेघांनी भराभर काढत होती, चुकलं की एक बटण दाबायची, शेवटची रेघ गायब. मी म्हटलं, असलं बटण लग्नात आंदण द्यायला पायजे. ती म्हणाली, "दिलं असतं तर आत्तींनी आधी तुम्हालाच पुसलं असतं."

बोलायला ती मागं नाही. म्हणून तर सासूशी पटलं तिचं.

नाकापर्यंत सगळं झरझर झालं. मग तिनं विचारलं, "हनुवटी कशी होती?"

 हनुवटी आठवेना. डोळे मिटून बघितलं. कपाळ येतंय, डोळे येतायत, नाक येतंय, आणि त्याखाली काही नाही.

"एवढा संसार केला आणि बायकोची हनुवटी बघितली न्हाई व्हय, मामा?"

"पदरात असायची," मी म्हटलं. पण आतून दचकलो.

शेवटी तोडगा निघाला. आमच्या पोराचं तोंड खालून आईसारखं आहे असं सगळी गल्ली म्हणत आलेली. पण त्यानं दाढी ठेवलेली. सुनेनं त्याला दाढी काढायला लावली आणि समोर स्टुलावर बसवलं. बिचारा मान वर करून बसला.

"आबा, माझ्या तोंडाला आईचं तोंड लावताय व्हय?"

"फक्त खालचा मजला," मी म्हटलं. "वरचा तुझा तुला ठेव. तसाबी मोकळाच हाय."

रेघा झाल्या तेव्हा रंग आले. ते सगळे वेगवेगळ्या थरांत असतात. म्हणजे काचेवर काच ठेवल्यागत. एका काचेवर कातडीचा रंग, एकीवर केस, एकीवर लुगडं, एकीवर कुंकू. पाहिजे ती काच घालायची, नको ती काढायची. एकदा सुनेनं केसांची काच काढली आणि आमची मंडळी टकली होऊन बघाय लागली. मी म्हटलं, "केस घाल आधी. ती वरून बघत असली तर लाटणं टाकंल." मग दोघंही हसलो. सून जरा जास्त वेळ हसली आणि पदरानं डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघितलं.

रंग भरताना ती मला सारखी एकच गोष्ट विचारायची. उजेड कुठून येत होता? मी म्हटलं, आपल्या घरात उजेड यायचा कुठून, लाईट असली तर यायचा. ती म्हणाली, तसं नव्हे, तुमच्या डोळ्यासमोर आत्ती येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर उजेड कुठला असतो?

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. उत्तर मात्र चटकन आलं. सकाळचं ऊन. समोरून.

मी रिक्षा चालवायचो. आमच्या गावात लोक बायकोपेक्षा रिक्षा जास्त नटवतात, त्यात मी काही मागं नव्हतो. झालरी, गोंडे, सीटला लाल रेक्झिन. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला बायकोनं चटणी करून विकायचा धंदा काढला आणि त्या लाल सीटवर मिरचीची पोती आली. सकाळी तिला आणि पोत्यांना घेऊन चटणी कांडायच्या डंकावर जायचं. चटणी तयार झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन उचगावला, घरोघर. पोराचं शिक्षण, लग्न, सगळं त्या लाल सीटवरून झालं. मिरचीचा खकाणा उडायचा म्हणून ती नाकाखाली पदर घट्ट बांधायची. मी पुढं शिंकायचो, ती मागं. उचगावच्या रस्त्याला ऊन समोरून यायचं, ती डोळे बारीक करून बसायची आणि तिथंच आमचं काय ते बोलणं व्हायचं. घरात माझी आई, भाऊ, भावजया, दोन खोल्या. घरात ती चुलीकडं तोंड करून आणि मी ताटाकडं. बोलायचं झालं तर रिक्षात. मी जरा जास्त बोलाय लागलो की मागनं यायचं, "पुढं बघा. रस्ता पुढं हाय."

हे ऐकून सुनेनं उजेड समोरून घातला. डोळे बारीक केले. चित्रात जीव यायला लागला. आणि तरी मला काहीतरी खटकायला लागलं.

त्यात गारगोटीहून मेव्हणी आली. ही बायकोची धाकटी बहीण. आली ती खुर्ची ओढून मधेच बसली.

"अगं, जरा उजळ कर की तिला. हितं न्हाय तर न्हाय, वर जाऊन तरी गोरी होऊ दे."

"भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी होती ती," मी म्हटलं. "तोच रंग राहणार."

"दाजी, तुम्हाला कधी रंग कळला? लग्नात काळा चष्मा घालून बसला होतासा." मग तिनं नथ मागितली. बहीण अहेव गेली, भरल्या कपाळानं गेली, तर नथ पाहिजेच. नथ आमच्या बायकोनं पोराच्या लग्नात घातली होती आणि दुपारपर्यंत तिला शिव्या देत होती. पण सून शहाणी. तिनं नथेची वेगळी काच केली. मेव्हणी पुढ्यात असली की नथ चढायची, मेव्हणी चहाला आत गेली की उतरायची.

तिळाचा वाद मात्र काचेनं मिटला नाही. सुनेनं माझं ऐकून तो खिडकीच्या बाजूच्या गालावर ठेवला होता. म्हणजे पडद्याकडं तोंड करून बसलं की डावीकडं. छे, आता लिहितानाही घोटाळा होतोय. सुरुवातीला तिनं तो खिडकीकडं ठेवला तो तिच्या स्वतःच्या आठवणीवरून. मी म्हणत होतो दाराकडं. मी हे आधी खोडणार होतो, पण राहू द्या, आमच्या घरात तेव्हा असाच गोंधळ होता. तर मेव्हणी म्हणाली खिडकीकडं, पोरगं म्हणालं खिडकीकडं, सून म्हणाली मलाही तसंच आठवतंय. मी एकटा म्हणत होतो दाराकडं. आणि नुसता तीळच नाही, ती वर चढलेली भुवईसुद्धा.

"दाजी, मी तिच्याबरोबर एका अंथरुणात वाढले," मेव्हणी म्हणाली.

"आणि मी काय शेजारच्या घरात राहत होतो?"

अल्बम काढला. त्यात पाठ होती, फेटा होता, हात होता. मतदानाचं कार्ड काढलं. त्यात सगळा चेहराच तीळ.

संध्याकाळी मेव्हणी आत सुनेला सांगत होती, ते मला ऐकू आलं. "ऱ्हाऊ दे गं. वय झालंय दाजींचं. इसरत असत्यात आता. त्यांच्या होला हो म्हण आणि तीळ हाय तिथंच ठेव."

मी अंगणात जाऊन बसलो. चिडलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, ही म्हणते ते खरं असलं तर? हनुवटी तर गेलीच होती. आता तीळ कुठल्या गालावर तेही जर मला ठाऊक नसेल, तर मग माझ्या डोक्यात जी आहे ती कोण? आणि एकदा हे चित्र भिंतीवर चढलं की येता-जाता तेच दिसणार. माझ्या डोक्यातली बाई हळूहळू पुसणार आणि ही सुनेनं काढलेली तिथं येऊन बसणार. ही बाईही वाईट नव्हती. पण हिच्याबरोबर मी उचगावला गेलो नव्हतो.

मेव्हणी गारगोटीला परत गेली. सुनेनं शेवटचं काम धरलं. आता रेघा दिसेनाशा झाल्या. रंगात रंग मिसळले, केसांत पांढरे धागे आले, डोळ्यांत पाण्याचा ठिपका आला. तिनं सुरकुत्यांची काच काढून दाखवली. आमची मंडळी वीस वर्षांनी तरुण झाली.

"घाल परत," मी म्हटलं. "त्यातल्या निम्म्या माझ्या हायत. कमवलेल्या हायत."

शेजारपाजारचे लोक बघून जायचे. म्हणायचे, आता बोलंल बघा. मी म्हणायचो, बोलू दे की. आणि मला ती तिच्या थोरल्या बहिणीसारखी दिसायची, जी तिला नव्हतीच.

एका सकाळी सून कंटाळली. पेन खाली ठेवलं. "मामा, काय चुकतंय ते एकदा सांगा. मी मोडून परत करते."

"ते कळलं असतं तर मीच काढली असती."

"बरं. मी एकदा उलटं करून बघते. आमच्यात रीत हाय. लई वेळ बघून डोळं चित्राला सरावत्यात, मग चूक दिसंनाशी होती. सगळं उलटं केलं की लगेच दिसती."

तिनं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी पलटलं. खिडकीकडचं दाराकडं गेलं, दाराकडचं खिडकीकडं.

ती होती. तीच. भुवई वर चढवून, ऊन डोळ्यांवर घेऊन, बोलू नका पुढं बघा म्हणायच्या बेतात.

"थांब," मी म्हटलं. "हात लावू नको आता."

सूनही बघाय लागली. पण चित्राकडं नव्हे, माझ्याकडं. "मामा, मी काहीच बदललं न्हाई. तीच रेघ, तोच रंग. नुसतं उलटं हाय."

"असू दे. ही हाय ती."

तिनं एकदा पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "रिक्षात तुम्ही आत्तींकडं मान वळवून बघत होता व्हय?"

"मान वळवून रिक्षा चालवली असती तर मी आज हितं असतो व्हय? आरशात बघायचो."

ती तडक उठली. आत गेली आणि गालावर काजळाचा ठिपका लावून आली. नाकाशेजारी, उजव्या गालावर. मला हाताला धरून अंगणात नेलं. रिक्षा तिथं ताडपत्रीखाली उभी होती. डोळ्यांनी दगा दिल्यापासून मी ती चालवत नव्हतो, पण विकायचा विषय निघाला की बहिरा व्हायचो. सुनेनं ताडपत्री वर केली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. सीटला अजून मिरचीचा वास होता. तिला शिंक आली.

"बसा पुढं. आरशात बघा. ठिपका कुठं?"

मी बसलो, आरसा फडक्यानं पुसला. "उजवीकडं."

"आता मागं वळून बघा."

वळलो. ठिपका डावीकडं.

परत आरशात बघितलं. उजवीकडं. परत वळलो. गल्लीतला एकजण सायकल थांबवून बघाय लागला, म्हाताऱ्याची मान अडकली की काय म्हणून.

"मामा," सून मागनं म्हणाली, "तुम्हीबी खरं, मावशीबी खऱ्या. तुम्ही काय इसरला न्हाईसा. तुम्ही आत्तींना आरशात बघितलंय, एवढंच."

मी आरशात बघत होतो. आरसा अरुंद. त्यात सुनेचं कपाळ दिसत होतं, डोळे दिसत होते, नाक दिसत होतं. हनुवटी दिसत नव्हती.

मी तसाच बसून राहिलो. सूनही मागं बसून राहिली.  

मग प्रश्न आला, छापायचं कुठलं? सून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. उलटं ठेवू. मावशींना मी सांगते." पोरगंही हो म्हणालं. मी विचार केला. माझ्यापुरती बायको असती तर उलटीच ठेवली असती. पण ती पोराची आई होती, मेव्हणीची बहीण होती, उचगावात चटणी घेणाऱ्या सगळ्या बायकांची ती ओळखीची होती. त्या सगळ्यांनी तिला तोंडासमोर बघितली होती. म्हटलं, भिंतीवर सगळ्यांची असू दे. तीळ खिडकीकडंच ठेव. फक्त ती नथ काढ.

चित्र छापून आणलं, फ्रेम केली, भिंतीवर लावली. मग मी अंगणात गेलो आणि पाना घेऊन रिक्षाचा आरसा सोडवला. समोरच्या भिंतीला, कॅलेंडरच्या शेजारी खिळा मारून बसवला. पोरगं म्हणालं, "आबा, दाढी करायला आरसा न्हाणीत हाय की." सून म्हणाली, तू गप बस. आणि खुर्ची जरा डावीकडं सरकवून दिली, मग बरोबर दिसायला लागलं. कपाळापासून नाकापर्यंत. पोराची हनुवटी आरशात येत नाही ते एक बरं.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले. हार चढला, उदबत्ती लागली. चंदगडकडचे एक पाहुणे फोटोपुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "हुबेहूब." मेव्हणीनं आधी तीळ बघितला, समाधान झालं. मग नाक बघितलं.

"दाजी, नथ कुठं गेली?"

"तिनं काढून ठेवली," मी म्हटलं. "टोचत होती."

ती हसली. मग डोळ्यांना पदर लावला. मग तिचं लक्ष माझ्या खुर्चीकडं गेलं. मी फोटोकडं पाठ करून बसलेलो, समोर कॅलेंडर आणि झालर लावलेला आरसा. मेव्हणीला ते बरं दिसलं नाही.

"आज दिवस काय आणि तुम्ही बसलाय कसं? माझ्या बहिणीकडं पाठ करून?"

सुनेनं चहाचा ट्रे धरलेला. ती बघत होती मी काय सांगतोय ते.

"पाठ कुठली," मी म्हटलं. "मागं बसलीया ती."